नेवाडाच्या रँचमुलखाचा टोपो नकाशा आणि त्यावरचे झरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बे एरिया, लास व्हेगस किंवा सॉल्ट लेक सिटीत राहणारी मराठी मंडळी लाँग वीकेंडला नेवाडाच्या आतल्या भागात जायला लागली की हे प्रश्न हमखास येतात. खालची उत्तरं मुख्यतः नाय काउंटीतल्या रेलरोड व्हॅली, हॉट क्रीक व्हॅली आणि मॉनिटर व्हॅली या पट्ट्याबद्दल आहेत. सुरुवातीलाच एक सांगायचंय. आपण नकाशा उघडला की आधी रस्ते बघतो आणि मग शिखरं. इथला नकाशा मात्र झऱ्यांपासून वाचायला घ्या. रस्ता, कुंपण, घर, गावाचं नाव, जमिनीची मालकी, सगळं पाण्याच्या मागून आलेलं आहे.

हा मुलूख केवढा आहे? एवढा मोकळा का दिसतो?

नाय काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे ४७,००० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, तो साधारण १७,००० चौरस किलोमीटरचा. म्हणजे असे अडीच-पावणेतीन जिल्हे एका काउंटीत मावतील. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५२,००० च्या आत होती आणि त्यातले बहुतेक लोक अगदी दक्षिणेला, पाहरम्पमध्ये राहतात. उरलेल्या भागात एका रँचपासून दुसरी रँच तीस-चाळीस किलोमीटरवर असणं नेहमीचंच.

नेवाडा हे अमेरिकेतलं सर्वांत कोरडं राज्य. राज्याचा बहुतेक भाग ग्रेट बेसिनमध्ये येतो. इथे पडलेला पाऊस कुठल्याही समुद्राला मिळत नाही. तो खोऱ्याच्या तळाशी साचतो आणि उडून जातो. भूगोलाच्या पुस्तकात शिकलेले गट पर्वत आणि खचदऱ्या आठवा. इथे ते एकाआड एक, उत्तर-दक्षिण पसरलेले आहेत. रेलरोड व्हॅलीचा तळ १,४०० मीटरच्या थोडा वर आहे, तर तिच्या पूर्वेच्या ग्रँट रेंजमधलं ट्रॉय पीक ३,४०० मीटरच्या वर जातं. बर्फ वर पडतं आणि पाणी खाली कुठेतरी बाहेर येतं. ते नेमकं कुठे येतं, हाच या नकाशातला महत्त्वाचा प्रश्न.

रेलरोड व्हॅलीत रेल्वे आहे का?

नाही.

नकाशा कोणता घ्यावा? नवा की जुना?

दोन्ही घ्या, फुकट आहेत. यूएस जिऑलॉजिकल सर्व्हे, म्हणजे यूएसजीएस, ही १८७९ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या ‘टोपोव्ह्यू’ या साइटवर जुने-नवे सगळे नकाशे उतरवून घेता येतात. तुम्हाला हवी ती साडेसात मिनिटांची (ही अक्षांश-रेखांशाची मिनिटं) मालिका. तिचं प्रमाण १:२४,०००, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर २४० मीटर. सह्याद्रीत भटकताना आपण सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट वापरतो, तिच्या दुपटीहून जास्त बारकावा यात मिळतो. मात्र एका शीटवर जेमतेम १५० चौरस किलोमीटर बसतात, त्यामुळे एका खोऱ्यासाठी बऱ्याच शीट लागतात. उंची फुटांत असते. डोंगरात समोच्च रेषा बहुधा ४० फुटांच्या अंतराने असतात, तळात १० किंवा २०.

२००९ पासून निघणारे ‘यूएस टोपो’ नकाशे संगणकावर, राष्ट्रीय डेटाबेसमधून तयार होतात. रस्ते आणि सीमा त्यात ताज्या असतात. पण जुन्या शीटवर असणाऱ्या कोरल (गुरं कोंडायचा वाडा), पवनचक्की, पाण्याची टाकी, पडकं केबिन अशा खुणा त्यांत फारशा सापडत नाहीत, आणि रँचमुलखात कामाच्या असतात त्या याच. माझं मत विचाराल तर पाण्याच्या शोधासाठी विसाव्या शतकातली शीट आणि रस्त्यांसाठी आजची. जुन्या शीटच्या मागे माणसांचं काम होतं. विमानातून फोटो घेतले जायचे, मग सर्व्हेयर प्रत्यक्ष फिरून तपासायचे आणि झऱ्यांची-घळींची नावं तिथल्या रँचवाल्यांना विचारून लिहायचे. शीटच्या खालच्या कोपऱ्यात हवाई फोटो कधीचे आणि प्रत्यक्ष तपासणी कोणत्या साली झाली, हे छापलेलं असतं. ते साल आधी बघा. जांभळ्या रंगात काही छापलं असेल तर ती भर नंतर फक्त हवाई फोटो पाहून घातलेली आहे, जमिनीवर तपासलेली नाही. काही शीटवर ‘प्रोव्हिजनल एडिशन’ असं दिसेल आणि अक्षरंही हाताने काढलेली वाटतील. १९८० च्या दशकात मालिका पुरी करण्याची घाई होती, त्या काळातल्या या शीट. त्यांवरही विश्वास ठेवायला हरकत नाही.

पाण्याच्या खुणा कशा ओळखायच्या?

झऱ्यासाठी छोटं निळं पोकळ वर्तुळ आणि त्याला वळवळती शेपटी. शेपटी नसेल तर ती विहीर. तुटक-ठिपक्यांची निळी रेघ म्हणजे वर्षातला बराच काळ कोरडा राहणारा ओढा. इथले जवळजवळ सगळे ओढे तसेच. तळातला प्लाया, म्हणजे कोरड्या सरोवराचा सपाट भाग, तुटक निळ्या कडेने किंवा तपकिरी ठिपक्यांनी दाखवतात. उन्हाळ्यात तो फरशीसारखा कडक दिसतो आणि एका पावसानंतर गाडी त्यात रुतून बसते. नकाशावर रस्ता प्लायावरून जात असला तरी ओल असताना त्यावर जाऊ नका.

निळी खूण आहे म्हणजे पाणी मिळेलच ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. निळं वर्तुळ एवढंच सांगतं की तपासणीच्या साली, त्या ऋतूत, तिथे पाणी किंवा ओल होती. १९७१ च्या तपासणीतला झरा आज बोटभर चिखल असू शकतो. झरा जिवंत असला तरी त्याचं पाणी पाइपातून दोन किलोमीटर खालच्या टाकीत नेलेलं असू शकतं आणि मूळ जागी नुसती लव्हाळी उरलेली असू शकतात.

वाळवंटात पाण्याची चुकीची माहिती जीवावर बेतते, हे सरकारला फार आधीपासून माहीत होतं. १९०९ साली यूएसजीएसच्या वॉल्टर मेंडनहॉल यांनी आग्नेय कॅलिफोर्निया आणि नैर्ऋत्य नेवाडातल्या पाणवठ्यांची यादीच प्रसिद्ध केली. पुढे १९१६ च्या कायद्याने वाळवंटातले पाणवठे शोधून तिथे पाट्या लावण्याचं काम सुरू झालं. त्या काळात त्या भागात निघालेला माणूस पुढच्या झऱ्याच्या भरवशावरच निघायचा. तुम्ही तसं करू नका. माणशी रोज किमान चार लिटर गाडीत ठेवा, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि गाडी अडली तर दोन दिवस पुरेल एवढं वेगळं. टोनोपा गावाहून ईली गावापर्यंत हायवे ६ वर सुमारे २७० किलोमीटर आहेत आणि वाटेत पेट्रोलची खात्री नाही. कच्च्या रस्त्याला वळल्यावर मोबाइलची रेंजही नाही.

मग कोणता झरा भरवशाचा, हे नकाशावरून कळतं का?

पुष्कळसं कळतं. झरा किती उंचीवर आणि कोणत्या जागी आहे, हे समोच्च रेषांवरून पाहा.

डोंगरात उंचावर, घळीच्या तोंडाशी असलेले झरे त्या वर्षीच्या बर्फावर जगतात. पाणी उथळ खडकातून थोडं अंतर चालून बाहेर पडतं. ते थंड आणि चवीला चांगलं, पण कमी बर्फाच्या वर्षी ऑगस्टपर्यंत आटून जातं. नकाशावर एकाच उतारावर असे सहा-सात झरे दाटीने दिसले तरी हुरळून जाऊ नका. सगळ्यांचं मूळ एकच आणि आटणंही बहुधा बरोबरच.

दुसरे डोंगर आणि खोरं यांच्या सांध्यावरचे. इथे जमिनीत मोठा भ्रंश असतो आणि खाली जाणारं पाणी त्या फटीशी अडून वर येतं. नकाशावर हे झरे पंखाकृती मैदानाच्या माथ्याला किंवा पायथ्याला, एका रेषेत ओवल्यासारखे दिसतात. जुन्या रँच बहुतेक याच रेषेवर आहेत.

तिसरे खोऱ्याच्या तळाजवळचे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत विलक्षण. पूर्व नेवाडाच्या पोटात हजारो मीटर जाडीचा प्राचीन चुनखडक आहे. डोंगरावर मुरलेलं पाणी त्यातून एका खोऱ्याखालून दुसऱ्या खोऱ्यात जातं आणि हजारो वर्षांनी वर येतं. खोल गेलेलं असल्याने ते कोमट किंवा गरम असतं आणि पावसाळा-उन्हाळा त्याला फारसा कळत नाही. रेलरोड व्हॅलीत हायवे ६ लगतच्या लॉक्सचे चार झरे आणि उत्तरेला डकवॉटर शोशोनी जमातीच्या जमिनीवरचा बिग वॉर्म स्प्रिंग ही याची उदाहरणं. नावात ‘वॉर्म’ किंवा ‘हॉट’ असेल आणि झरा तळाजवळ असेल, तर तिथे आजही पाणी असण्याची शक्यता मोठी.

एक खूण नकाशावर नसते, डोळ्यांनी शोधावी लागते. करड्या सेजब्रश झुडपांच्या मैदानात कॉटनवुड किंवा विलो झाडांचा हिरवा ठिपका दिसला की तिथे पाणी आहे, किंवा नुकतंच होतं.

सगळे कच्चे रस्ते झऱ्याशीच का संपतात? आणि झऱ्याभोवतीच खासगी जमीन का?

नेवाडातली सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारकडे आहे आणि तिचा मोठा वाटा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम सांभाळतं. नकाशावरच्या लाल चौकोनी जाळ्यातला प्रत्येक चौकोन एक मैल बाजूचा ‘सेक्शन’, म्हणजे ६४० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर मिळत. १६० एकर कोरड्या सेजब्रशवर गुरं जगत नाहीत. पण त्या १६० एकरांत झरा असेल, तर भोवतालचा मैलोन्मैल सरकारी माळ आपोआप तुमच्या हाती येतो, कारण दुसऱ्याच्या गुरांना प्यायला पाणीच नाही. म्हणून लोकांनी माळरान सोडून फक्त पाण्याचे तुकडे नावावर केले. मालकी दाखवणाऱ्या बीएलएमच्या नकाशावर पिवळ्या सरकारी पसाऱ्यात झऱ्यांवरच पांढरे तुकडे दिसतात, ते याच हिशेबाने पडलेले.

सरकारने याला पायबंद घालायचा प्रयत्न केला. १७ एप्रिल १९२६ ला राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ‘पब्लिक वॉटर रिझर्व्ह १०७’ हा आदेश काढला. तोवर कुणाच्या नावावर न झालेले सार्वजनिक जमिनीवरचे झरे आणि पाणवठे, भोवतीच्या पाव मैलासह, सर्वांसाठी राखून ठेवले. मोक्याचे झरे तोवर गेलेले होते. तरीही आज सरकारी जमिनीवर जे मोकळे पाणवठे आहेत, त्यांतल्या अनेकांना आधार आहे तो याच आदेशाचा.

पाण्याचा मालक कोण मग? जमीनमालक?

असेलच असं नाही. नेवाडात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा आहे. जो आधी पाणी वापरात आणतो त्याचा हक्क आधी, आणि वापर थांबला तर हक्कही जाऊ शकतो. याची नोंद राज्याच्या ‘स्टेट इंजिनिअर’च्या कार्यालयात असते आणि ती कोणालाही ऑनलाइन पाहता येते. एखाद्या झऱ्याची जमीन बीएलएमची, गुरांना पाजण्याचा हक्क रँचवाल्याचा आणि चराईचा परवाना दहा वर्षांचा, असं त्रांगडं इथे सर्रास असतं. चराई १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्याखाली चालते. एक गाय आणि तिचं वासरू महिनाभर चरेल एवढ्या चाऱ्याला एक एकक धरतात. त्याचा दर कित्येक वर्षं १.३५ डॉलरच्या किमान पातळीवर होता.

झऱ्यावर पोहोचल्यावर काय दिसतं?

चित्रातलं कुंड बहुतेक वेळा दिसत नाही. लॉक्ससारखे मोठे झरे सोडले तर उतारावर लव्हाळ्यांचा चार पावलांचा ओला पट्टा, गुरांच्या खुरांनी तुडवून झालेले चिखलाचे उंचवटे, आणि त्यात पुरलेली एक पेटी. पेटीतून काळा प्लास्टिकचा पाइप निघतो आणि खाली टाकीत पडतो. टाकी बऱ्याचदा खाणीतल्या राक्षसी डंपरच्या टायरची असते. टायर आडवा टाकायचा, वरची कड कापायची, मधल्या भोकात काँक्रीट ओतायचं. तो टायर बंदुकीच्या गोळीने फुटत नाही, हिवाळ्यात गोठून तडकत नाही आणि बैलाने अंग घासलं तरी हलत नाही. आत पाहिलंत तर एका बाजूला जाळीचा किंवा दगडांचा उतार ठेवलेला दिसेल. पडलेला पक्षी किंवा खार त्यावरून चढून बाहेर येते. हा उतार मोडला असेल तर जवळचे दगड रचून नीट करा. एका दुपारी किती जीव त्या पाण्यावर येतात ते लांबून बसून पाहिलंत तर तुम्हीही हे न सांगता कराल.

ते पाणी प्यावं का?

न उकळता, न गाळता मुळीच नाही. गुरं आणि रानटी घोडे याच पाण्यात उभे असतात आणि जिआर्डिया हा परजीवी पोटात गेला की आठवडे त्रास होतो. शिवाय नेवाडातल्या काही पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक असतं आणि ते उकळून जात नाही. वासराने पिऊन काही झालं नाही, याला पुरावा समजू नका.

गरम झऱ्यात उतरता येईल का?

आधी मालकी पाहा. हायवे ६ आणि ३७५ च्या नाक्यावरचं वॉर्म स्प्रिंग्ज रस्त्यावरून मोहात पाडतं, पण ते खासगी आहे. मॉनिटर व्हॅलीतला डायनाज पंचबोल तर बघूनच मागे फिरावा असा. टेकाडाच्या माथ्यावर उभ्या कडांची खोल विहीर आणि तळाशी चामडी सोलणारं पाणी. तीही जागा खासगी आहे. नकाशा पाण्याचं तापमान सांगत नाही आणि कड किती ठिसूळ आहे हेही नाही. मुलं आणि कुत्रं सोबत असेल तर दोघांचाही हात-पट्टा सोडू नका.

कोमट पाण्यातही डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. नेग्लेरिया हा अमीबा अशा पाण्यात राहतो. संसर्ग दुर्मीळ आहे, पण झाला तर माणूस क्वचितच वाचतो. २०२३ साली नेवाडातच एक लहान मूल यात दगावलं.

झऱ्याशेजारी तंबू ठोकावा का? सावली तिथेच असते.

नाही. नेवाडाच्या कायद्यात पाणवठ्यापासून १०० यार्डांच्या आत, जनावरांची वाट अडेल असा मुक्काम करणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. हरणं, अँटिलोप, सेज ग्राउस पक्षी अंधार पडताना आणि पहाटे पाण्यावर येतात. तिथे कंदील आणि गप्पा असतील तर ते तहानलेलेच परत जातात आणि पुढचं पाणी पंधरा किलोमीटरवर असू शकतं. पाणी भरून घ्या आणि लांब जाऊन उतरा. साबण, भांडी, आंघोळ झऱ्यात नकोच.

कुंपणाचं फाटक बंद दिसलं तर?

उघडा, आत जा, पुन्हा बंद करा. उघडं होतं तर उघडंच ठेवा. कुणीतरी गुरं पाण्याकडे सोडलेली असतात. ‘नो ट्रेसपासिंग’ची पाटी असेल तर परत फिरा. रात्री गाडी हळू चालवा. ओपन रेंजमध्ये, म्हणजे गुरं मोकळी चरतात त्या भागात, गाय रस्त्यावर आली म्हणून तिच्या मालकाला जबाबदार धरता येत नाही.

या झऱ्यांत मासे कसे आले?

हिमयुगात या खोऱ्यांमध्ये मोठी सरोवरं होती. ती आटत गेली आणि मासे उरलेल्या झऱ्यांत अडकले. प्रत्येक झऱ्यातली वस्ती वेगळी पडून आपापल्या वाटेने बदलत गेली. रेलरोड व्हॅली स्प्रिंगफिश हा बोटाएवढा मासा निसर्गतः लॉक्स आणि डकवॉटरच्या झऱ्यांपुरताच उरला आहे. ३५ अंशांच्या वरच्या, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात तो जगतो. १९८६ पासून तो संकटग्रस्त यादीत आहे. बिग वॉर्म स्प्रिंगमध्ये एकेकाळी कॅटफिशची शेती होती. पुढे शोशोनी जमातीने वन्यजीव खात्याच्या साथीने झरा पूर्ववत केला आणि स्प्रिंगफिश परत आणला. असे झरे पाहिले की नकाशावरचं ते इवलंसं वर्तुळ म्हणजे एका प्रजातीचं अख्खं जग आहे, हे मनात पक्कं बसतं. मत्स्यालयातला मासा तिथे ‘मोकळा सोडणाऱ्यां’ना माझी हात जोडून विनंती आहे की असं कधीही करू नका.

झरे आटतात ते दुष्काळानेच ना?

दुष्काळ एक कारण. दुसरं पंप. पाहरम्पजवळचा मॅन्स स्प्रिंग सिंचनाच्या उपशामुळे १९७५ मध्ये आटला. तिथला पूलफिश मासा वाचला तो आधीच दुसरीकडे हलवला होता म्हणून. डेव्हिल्स होल या पाण्याने भरलेल्या खोल कपारीच्या बाबतीत मात्र १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने माशांसाठी पाण्याची पातळी राखायचा निकाल दिला आणि शेजारच्या रँचचा उपसा मर्यादित झाला. लास व्हेगससाठी पूर्व नेवाडाच्या खोऱ्यांतलं भूजल पाइपलाइनने नेण्याची योजना १९८९ पासून चालू होती. रँचवाले, शोशोनी आणि गोशूट जमाती, पर्यावरणवाले असे एरवी एकमेकांशी भांडणारे लोक तिच्याविरुद्ध एकत्र उभे राहिले आणि २०२० मध्ये ती सोडून देण्यात आली.

जीपीएसवर झरा दोनशे मीटर दूर दाखवतो. बिघाड कुठे?

बहुधा कुठेच नाही. जुन्या शीट १९२७ च्या आधारपद्धतीवर (एनएडी २७) काढल्या आहेत, जीपीएस नव्या पद्धतीवर चालतो. यूटीएम आकडे (मीटरमध्ये ठिकाण सांगणारे) वापरलेत तर उत्तर-दक्षिण सुमारे २०० मीटरचा फरक पडतो. उपकरणात ‘एनएडी २७’ निवडा. होकायंत्र वापरत असाल तर शीटवर छापलेलं चुंबकीय विचलन जुनं आहे. आज तिथे ते साधारण १२ अंश पूर्व आहे.

‘विलो स्प्रिंग’ शोधला तर ढीगभर सापडले. कोणता खरा?

सगळेच. विलो, कॉटनवुड, मड, रॉक, कायोटी ही नावं जवळजवळ प्रत्येक डोंगररांगेत आहेत. म्हणून कुणाला ठिकाण सांगताना डोंगररांग, शीटचं नाव आणि अक्षांश-रेखांश तिन्ही सांगा, विशेषतः मदत मागताना. काही जुनी नावं नव्या नकाशात सापडणारही नाहीत. मूळनिवासी स्त्रियांना हिणवणारा एक शब्द २०२२ मध्ये देशभरातल्या सुमारे ६५० ठिकाणांच्या नावांतून काढून टाकला, आणि ते योग्यच झालं.

नकाशावरचा झरा कोरडा निघाला किंवा नसलेला सापडला, तर कुणाला कळवायचं?

बीएलएमच्या जमिनीवर असेल तर टोनोपा फील्ड ऑफिसला, वरच्या डोंगरात असेल तर हम्बोल्ट-टॉयाबी नॅशनल फॉरेस्टच्या त्या भागातल्या रेंजर कार्यालयाला. तारीख, अक्षांश-रेखांश, एक फोटो जवळून आणि एक लांबून, पाणी वाहतंय की नुसती ओल आहे, पेटी-पाइप-टाकी शाबूत आहे का, एवढं लिहा. टाकी ओसंडून वाया जात असेल किंवा पाइप तुटला असेल तर वाटेतल्या रँचवर थांबून सांगितलंत तरी चालतं. ते काम त्यांनाच करायचं असतं आणि तुटलेल्या पाइपाची बातमी त्यांना आठवडाभर आधी मिळाली तर हवीच असते.